पापुअन भाषा: कुळं किती, आणि ती ठरवायची कशी?

लेखन: पारंबी

न्यू गिनी बेट आणि त्याच्या आसपासची बेटं मिळून हजारावर भाषा बोलल्या जातात, हे बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. एकट्या पापुआ न्यू गिनी या देशातच ८४०च्या आसपास भाषा आहेत. मला मात्र जास्त अडकवून ठेवतो तो दुसराच प्रश्न: या भाषांची कुळं किती?

अख्ख्या भारतातली भाषाकुळं, ईशान्येकडच्या ताई भाषा आणि अंदमान धरूनही, दोन हातांच्या बोटांवर मोजून होतात. न्यू गिनी बेट महाराष्ट्राच्या साधारण अडीचपट. बिल पामर यांनी २०१८ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात तिथला आणि शेजारच्या बेटांचा हिशेब असा आहे: ८६२ पापुअन भाषा, त्यांची ४३ कुळं, आणि शिवाय ३७ भाषा अशा की ज्यांचं कुणाशीच नातं दाखवता आलेलं नाही. म्हणजे ८० स्वतंत्र वंश. जगात इतक्या लहान भूभागावर इतके वंश दुसरीकडे कुठेही नाहीत.

आता 'पापुअन' म्हणजे काय? या भागात दोन प्रकारच्या भाषा आहेत. एक ऑस्ट्रोनेशियन, म्हणजे मलय, जावानीज, फिजीयन, माओरी यांच्या नात्यातल्या. त्या बोलणारे दर्यावर्दी लोक साधारण ३३०० वर्षांपूर्वी बिस्मार्क द्वीपसमूहाच्या किनाऱ्याला लागले. या भाषा बाजूला काढल्या की जे उरतं ते सगळं पापुअन. त्यामुळे 'पापुअन भाषाकुळ' असं काही नसतं, आणि ते तसं म्हटलेलं वाचलं की मला खटकतं. हे जे काही उरतं ते पश्चिमेला तिमोर, आलोर, पांतार आणि उत्तर हाल्माहेरापर्यंत जातं, पूर्वेला बूगनव्हिल आणि सॉलोमन बेटांपर्यंत. तिमोरमधली फातालुकू आणि रॉसेल बेटावरची येली या दोन्ही 'पापुअन', पण एकमेकींशी नातं असल्याचा पुरावा शून्य.

हा भेद पहिल्यांदा नीट मांडला तो सिडनी रे यांनी, १८९०च्या दशकात. लंडनमधले एक प्राथमिक शिक्षक. १८९८ मध्ये केंब्रिजची टोरेस सामुद्रधुनीची मोहीम निघाली तेव्हा भाषांचं काम त्यांच्याकडे होतं. तेव्हा बेटाच्या आतल्या डोंगराळ भागाबद्दल बाहेरच्यांना काहीच कळलेलं नव्हतं. तिथे वस्तीच नसेल असा समज होता. १९३०च्या दशकात सोनं शोधणारे मायकेल लेही वगैरे लोक वाघी खोऱ्यात पोहोचले, तेव्हा तिथे लाखो माणसं शेती करत असलेली दिसली. म्हणजे या भाषांपैकी बऱ्याचशांची पहिली शब्दयादी जेमतेम ८०-९० वर्षं जुनी आहे. लेखी वाङ्मय नाही, शिलालेख नाहीत. संस्कृत, अवेस्ता आणि ग्रीक समोर ठेवून जसं इंडो-युरोपीय कुळ सिद्ध झालं, तशी सोय इथे नाही.

मग वर्गीकरण झालं कसं? इथे दोन वृत्ती आहेत, आणि माझ्या मते सगळा इतिहास त्यांच्यातल्या ओढाताणीचा आहे.

पहिली वृत्ती जोडणाऱ्यांची. १९७० मध्ये मॅकएलहॅनन आणि फोरहूव यांनी ह्युऑन द्वीपकल्पातल्या आणि मध्य-दक्षिण न्यू गिनीतल्या भाषांमध्ये सारखे शब्द दाखवले आणि या गटाला 'ट्रान्स-न्यू गिनी' नाव दिलं. मग कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतले स्टीफन वुर्म यांनी १९७५ मध्ये त्याचा इतका विस्तार केला की जवळजवळ ५०० भाषा त्यात आल्या. उरलेल्यांचीही त्यांनी 'सेपिक-रामू', 'पूर्व पापुअन' अशी महाकुळं पाडली. त्यांचा बराच भर शब्दयाद्यांमधल्या साम्याच्या टक्केवारीवर आणि वाक्यरचनेतल्या सारखेपणावर होता.

दुसरी वृत्ती थांबणाऱ्यांची. विल्यम फोली यांनी १९८६ मध्ये म्हटलं की नियमित ध्वनिसंबंध, म्हणजे एका भाषेतल्या ठरावीक ध्वनीच्या जागी दुसरीत दरवेळी ठरावीकच ध्वनी येणं, दाखवता आले तरच नातं मान्य करायचं. त्यांच्या हिशेबात साठच्या वर वेगवेगळी कुळं भरली. वुर्मच्या दहाएक महाकुळांच्या तुलनेत हे केवढं! भाषा त्याच, बेट तेच, फक्त पुराव्याची अट बदलली. 'कुळं किती' या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी 'कोणत्या पुराव्याला पुरावा म्हणायचं' हे सांगावं लागतं, हे मला या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

२००५ मध्ये माल्कम रॉस यांनी मधली वाट काढली. सहाशेंहून जास्त भाषांची फक्त सर्वनामं घेतली. सर्वनामं सहसा उसनी घेतली जात नाहीत, ती रोज लागतात, आणि अगदी तोकड्या शब्दयादीतही ती सापडतातच. ट्रान्स-न्यू गिनीच्या मूळ भाषेसाठी त्यांनी 'मी'ला 'ना' आणि 'तू'ला 'गा' (आधी अनुनासिक) अशी रूपं मांडली. फिन्शहाफेनजवळच्या काते भाषेत 'मी, तू, तो' म्हणजे 'नो, गो, ए'. हजार किलोमीटर पश्चिमेला, इंडोनेशियाच्या दलदलीच्या किनाऱ्यावर, अस्मात भाषेत 'नो, ओ, आ'. हे पाहून कुणालाही वाटेल की नातं आहे. अँड्र्यू पॉली यांनी त्याच्या जोडीला मूळ शब्दसंग्रह उभा करायला घेतला: 'खाणे'साठी 'ना-', 'मरणे'साठी 'कुम-', 'ऊ'साठी 'निमान'. रॉस यांच्या चाळणीतून वुर्मचा 'सेपिक-रामू' गट फुटला, 'पूर्व पापुअन'ही फुटला. ट्रान्स-न्यू गिनी मात्र टिकला, थोडा बारीक होऊन.

तरीही रॉस यांनी या पद्धतीला स्वतःच 'प्राथमिक' म्हटलं आहे, आणि ते योग्यच. एका व्यंजनाचे आणि एका स्वराचे शब्द योगायोगानेही जुळतात. माणसं या भूमीवर ४०-५० हजार वर्षांपासून आहेत, आणि तौलनिक पद्धतीची नजर आठ-दहा हजार वर्षांपलीकडे पोहोचत नाही. त्या ८० वंशांपैकी काही मुळात एकच असतीलही. ते दाखवता येत नाही, म्हणून ते वेगळे मोजायचे. मला ही शिस्त फार आवडते.

ट्रान्स-न्यू गिनी एवढं का पसरलं, याबद्दल शेतीचा तर्क आहे. वाघी खोऱ्यातल्या कुक इथल्या दलदलीत सात हजार वर्षांपूर्वीच्या, लागवडीसाठी रचलेल्या मातीच्या उंचवट्यांचे आणि केळीच्या लागवडीचे पुरावे मिळाले आहेत. २००८ मध्ये ही जागा जागतिक वारसा झाली. शेती करणाऱ्यांबरोबर भाषाही डोंगररांगांतून सरकली, असा हा तर्क. पटण्यासारखा आहे, पण सिद्ध नाही. ऊसही न्यू गिनीचाच. तिथे माणसाळवलेला जाड, गोड ऊस आणि आपल्याकडचा रानटी ऊस यांच्या संकरातून कोइमतूरच्या 'को' जाती निघाल्या. आज पश्चिम महाराष्ट्रात उभा असलेला को ८६०३२ त्याच वंशातला.

चर्चा व्हावी म्हणून इथे थांबते.

---

घाटवाट

पारंबीताई, सुंदर लेख. एक प्रश्न. इतक्या भाषांचं कारण डोंगरदऱ्या हेच ना? एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाता आलं नाही की बोली वेगळ्या होणारच.

---

पारंबी

घाटवाट, सगळ्यांना आधी तसंच वाटतं, पण नकाशा उलटं सांगतो. सर्वांत उंच डोंगराळ भागात तुलनेने मोठ्या भाषा आहेत. एंगा बोलणारे दोन लाखांहून जास्त आहेत, आणि ते डोंगरातच राहतात. सर्वांत जास्त *कुळं* आहेत उत्तरेकडच्या सखल भागात: सेपिक नदीचं खोरं, तोरिचेल्ली डोंगरांचा पायथा, पश्चिमेला लेक्स प्लेन. तिथे होडीने फिरता येतं, शेजारी भेटतात, लग्नं होतात. डोंगरात रताळ्याची दाट शेती आणि मोठी वस्ती, तर सखल भागात साबुदाण्याचे माड, मलेरिया आणि विरळ गावं. मला वाटतं उंचीपेक्षा हा फरक जास्त बोलका आहे. शिवाय डोंगरात ट्रान्स-न्यू गिनीच्या पसरण्याने आधीच्या भाषा पुसल्या गेल्या असाव्यात, आणि सखल भागात जुनी विविधता शिल्लक राहिली असावी.

---

वसुधा०७

आणि लोकांची इच्छा! हा मुद्दा कमी लेखू नका. भाषाशास्त्रज्ञ डॉन लेकॉक यांचं म्हणणं होतं की तिथे भाषा म्हणजे गावाची ओळख, आणि वेगळेपण जाणूनबुजून जपलं जातं. बूगनव्हिलमधल्या बुइन भाषेत नामांना लिंग आहे. तिथल्या उइसाई गावाच्या बोलीत सगळी लिंगं उलटी आहेत: इतरांकडे जे पुल्लिंगी ते यांच्याकडे स्त्रीलिंगी, आणि उलट. असा बदल आपोआप होणं अवघड. ह्युऑनमधल्या सेलेपेत भाषेच्या एका गावाने तर सभा घेऊन 'नाही' या अर्थाचा 'बिया' हा शब्द सोडून 'बुंगे' घ्यायचं ठरवलं, शेजारच्यांपेक्षा वेगळं दिसावं म्हणून.

अशा ठिकाणी 'ध्वनी हळूहळू नियमाने बदलतात' हे गृहीतक कितपत चालतं? वर्गीकरणाच्या मुळाशीच हा प्रश्न आहे.

---

पारंबी

वसुधाताई, अगदी. शब्द मुद्दाम बदलले जात असतील तर मूलभूत शब्दांतल्या साम्याची टक्केवारी कालगणनेला निरुपयोगी ठरते. त्यात निषिद्ध शब्दांची भर घाला. कालाम लोक केवड्याच्या जातीच्या एका झाडाची फळं काढायला वरच्या रानात जातात, तेव्हा रोजचे शब्द टाळून वेगळ्याच शब्दसंग्रहात बोलतात. व्याकरण तेच, शब्द जवळजवळ सगळे दुसरे. अशा समाजात १०० शब्दांची यादी घेऊन 'साम्य ११ टक्के' म्हणण्याला काय अर्थ? ध्वनिसंबंधांचा नियम मात्र तरीही चालतो, कारण जे शब्द टिकलेत त्यांना तो लागू पडतोच. फक्त टिकलेले शब्द कमी, म्हणून काम मंद.

---

अश्वत्थ

भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्गचं नाव कसं नाही आलं? १९७१ मध्ये त्यांनी 'इंडो-पॅसिफिक' मांडलं. पापुअन, अंदमानी आणि टास्मानियातल्या भाषा मिळून एकच कुळ. आफ्रिकेतल्या भाषांची चार कुळं त्यांनीच लावली आणि आज ती बरीचशी वापरात आहेत. मग इथे त्यांना इतकं झिडकारायचं कारण काय? अंदमानचा संबंध निघाला तर आपल्यासाठीही मोठीच गोष्ट.

---

वसुधा०७

अश्वत्थ, मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण अंदमान आपल्या देशात आहे आणि तिथल्या लोकांबद्दल 'आदिम अवशेष' छापाचं लिखाण वाचून मला वाईट वाटतं.

ग्रीनबर्गांची पद्धत म्हणजे अनेक भाषांचे शब्द शेजारी ठेवून दिसणारं साम्य टिपायचं. शेकडो भाषा घेतल्या तर कुठल्याही शब्दाला कुठेतरी जुळणारा शब्द सापडतोच. त्यामुळे न्यू गिनीवर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी ते कुळ कधी स्वीकारलं नाही. टास्मानियाच्या भाषांबद्दल तर हाती आहे ती १९व्या शतकातल्या तुटपुंज्या याद्यांची सामग्री. अंदमानातही मोठ्या अंदमानी भाषा एकीकडे आणि ओंगे-जारवा दुसरीकडे, या दोन गटांचंच आपसात नातं सिद्ध झालेलं नाही. अन्विता अब्बी यांनी मोठ्या अंदमानीचं व्याकरण लिहिलं. त्यात शरीराच्या अवयवांवरून आलेले उपसर्ग सगळ्या भाषेत कसे भिनलेत हे त्यांनी दाखवलं. 'बो' भाषा येणाऱ्या शेवटच्या बाई, बोआ सीनियर, जानेवारी २०१० मध्ये गेल्या. जे शेजारी नाहीत त्यांना वरवरच्या साम्याने जोडण्याआधी, जे हाताशी आहे त्याची नोंद पुरी करणं मला जास्त गरजेचं वाटतं.

आणि 'दिसायला सारखे' हा भाषेचा पुरावा नव्हे. रक्ताचं नातं आणि भाषेचं नातं वेगवेगळ्या वाटांनी जातं.

---

अश्वत्थ

पटलं. विशेषतः दोन अंदमानी गटांचा मुद्दा मला माहीत नव्हता. तरी एवढं म्हणेन की मोठी कल्पना कुणीतरी मांडली म्हणूनच ती तपासली गेली. वुर्म आणि फोरहूव यांनी धाडस केलं नसतं तर रॉस यांनी चाळलं काय असतं?

---

पारंबी

हे मान्य, मनापासून.

---

मिरजकर_स

धागा वाचनखूण म्हणून साठवला. एक गोष्ट आमच्या भागातली सांगतो, कारण तिचा इथे थेट संबंध आहे. सांगली-मिरजेजवळच्या कुपवाडचा अभ्यास गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी. शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्यांचा साचा इतका एक झाला की एका भाषेतलं वाक्य जवळजवळ प्रत्येक शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत होतं. उद्या कुणी फक्त वाक्यरचना पाहून कुळं ठरवली तर तिथली कन्नड आणि मराठी एकाच घरात जातील! न्यू गिनीत असं झालं नसेल का?

आणि एकाकी भाषांसाठी इतकं दूर जायला नको. बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागात आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर बोलली जाणारी निहाली तशीच आहे. कोरकू आणि मराठीतले शब्द तिच्यात भरपूर, पण ते बाजूला केले की उरणारा गाभा कुणाशीच जुळत नाही.

---

पारंबी

मिरजकर, कुपवाडचं उदाहरण इथे नेमकं बसतं. न्यू गिनीत ते झालंय, आणि त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण मादांगजवळच्या कारकार बेटावर आहे. तिथे दोन भाषा: ताकिया ही ऑस्ट्रोनेशियन आणि वासकिया ही पापुअन. ताकियाचे शब्द ऑस्ट्रोनेशियनच राहिले, पण क्रियापद वाक्याच्या शेवटी गेलं, परसर्ग (मराठीतल्या 'वर', 'मध्ये'सारखे नामामागून येणारे शब्द) आले, सगळा साचा वासकियासारखा झाला. रॉस यांनी या प्रक्रियेसाठी 'मेटाटिपी' ही संज्ञा रूढ केली. म्हणूनच वुर्मच्या काळात वाक्यरचनेच्या साम्यावर जी महाकुळं उभी केली गेली ती नंतर ढासळली.

---

शाल्मली

व्याकरणाबद्दल आणखी लिहा ना! 'सारखा साचा' म्हणजे नक्की काय सारखं?

---

पारंबी

शाल्मली, एकच गोष्ट सांगते, पण सावकाश.

पुष्कळ पापुअन भाषांत मराठीसारखं क्रियापद शेवटी येतं आणि क्रियांची साखळी बनते. आपण म्हणतो, 'तो रानात जाऊन, लाकडं तोडून, घरी येऊन जेवला.' 'ऊन'ने जोडलेल्या क्रियांचा कर्ता एकच. कर्ता बदलला की आपल्याला 'तो आल्यावर ती गेली' असं करावं लागतं. त्या भाषांत साखळीतल्या प्रत्येक क्रियापदालाच प्रत्यय लागतो, आणि तो आधीच सांगतो की पुढच्या क्रियेचा कर्ता हाच आहे की बदलणार आहे. म्हणजे ऐकणाऱ्याला पुढचं क्रियापद यायच्या आधीच कळतं की आता दुसरं कुणीतरी काहीतरी करणार. मादांगजवळच्या आमेले भाषेत याचा फार बारकाईने अभ्यास झालाय. अशा दहा-दहा, पंधरा-पंधरा क्रियांच्या साखळ्या गोष्टी सांगताना सहज येतात.

मात्र ही रचना वेगवेगळ्या कुळांत आढळते, म्हणून नात्याचा पुरावा म्हणून ती एकटी चालत नाही. उच्चारांत तर टोकाचे फरक आहेत. बूगनव्हिलच्या रोतोकासमध्ये वेगळे ओळखले जाणारे ध्वनी फक्त ११, आणि मध्य रोतोकासमध्ये 'म', 'न' हे स्वतंत्र ध्वनीच नाहीत. येलीमध्ये ९०. दोन्ही बेटं एकाच समुद्रात.

---

सागरिका_लाय

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं पापुआ न्यू गिनीतल्या लाय शहरात राहिले, म्हणून थोडं तिथल्या रोजच्या जगण्यातलं. शहरात सगळे तोक पिसिनमध्ये, म्हणजे इंग्रजीतून घडलेल्या तिथल्या संपर्कभाषेत, बोलतात, आणि ज्याची त्याची गावची भाषा म्हणजे 'तोक प्लेस'. कुणाची ओळख झाली की लवकरच तोक प्लेस विचारलं जातं. एकाच भाषेचे लोक एकमेकांचे 'वानतोक', आणि वानतोकाला घरात जागा द्यावीच लागते. पण आमच्या शेजारच्या घरात आई एका भाषेची, वडील दुसऱ्या भाषेचे, आणि मुलांना दोन्ही येत नव्हत्या, फक्त तोक पिसिन. मुलांची आजी गावाहून आली की नातवंडांशी तिचं बोलणं मोडकंतोडकं व्हायचं. मला ते बघवत नसे.

सरकारने नव्वदच्या दशकात पहिली काही वर्षं गावच्या भाषेत शिकवायला सुरुवात केली होती, शेकडो भाषांमध्ये. पुढे २०१३ मध्ये इंग्रजीवर परत गेले.

---

वसुधा०७

सागरिका, तुम्ही लिहिलंत ते फक्त शहरात होत नाही. सेपिकच्या मुखाजवळ गापुन नावाचं गाव आहे. तिथली तायाप ही एकाकी भाषा, बोलणारे शंभराहूनही कमी. मानववंशशास्त्रज्ञ डॉन कुलिक १९८०च्या दशकापासून तिथे जात राहिले. कुणी बंदी घातली नाही, बाहेरून लोक येऊन वसले नाहीत, तरी आईबाप मुलांशी तोक पिसिनमध्ये बोलायला लागले आणि एका पिढीत साखळी तुटली. ३७ एकाकी भाषांतली एक गेली की एक अख्खा वंश गेला. मोठ्या कुळातली एक भाषा गेली तर तिच्या बहिणींवरून काही अंदाज करता येतो. इथे तोही नाही.

---

घाटवाट

परत एक प्रश्न, मग थांबतो. आकडे शरीरावर मोजतात म्हणे?

---

पारंबी

हो. ओक्सापमिन लोक एका हाताच्या अंगठ्यापासून सुरू करतात: पाच बोटं, मग मनगट ६, पुढचा हात ७, कोपर ८, दंड ९, खांदा १०, मान ११, कान १२, डोळा १३, नाक १४, आणि मग दुसऱ्या बाजूने उतरत दुसऱ्या हाताच्या करंगळीला २७. दुकानं आणि नाणी आली तेव्हा २० शिलिंगांचा एक पौंड होता. जेफ्री सॅक्स यांनी नोंदवलंय की लोक दुसऱ्या कोपराला, म्हणजे २०ला, थांबून नव्याने मोजू लागले. दक्षिणेकडच्या याम कुळात तर मोजणीच सहावर आधारलेली आहे: ३६, २१६, १२९६ यांना स्वतंत्र शब्द, कारण कोनफळाच्या जातीचे कंद सहा-सहाच्या हिशेबाने रचतात.

आणि ओक्सापमिनवरून मूळ विषयाकडे येते. ही भाषा बरीच वर्षं एकाकी समजली जात होती. शेजारच्या ओक भाषांमध्येही, उदाहरणार्थ तेलेफोलमध्ये, हीच २७ची मोजणी आहे, पण मोजणी उसनी घेता येते, म्हणून त्यावरून कुणी नातं मानलं नाही. मग रॉबिन लॉगनेन यांनी ओक्सापमिनचं संपूर्ण व्याकरण लिहिलं. त्याच्या आधारावर त्यांनी आणि सेबास्टियन फेडेन यांनी २०११ मध्ये ओक भाषांशी नियमित ध्वनिसंबंध आणि जुळणारी सर्वनामं दाखवली. एका भाषेचं 'एकाकी'पण असं गेलं, आणि त्यासाठी आधी कुणीतरी तिथे राहून ती भाषा शिकावी लागली. तायापचंही व्याकरण आणि शब्दकोश आता झालाय. कुओत, सुल्का, आबिनोम या एकाकी भाषांपैकी जिच्यावर जेवढं काम झालंय ते पुढच्या भागात एकेक करून मांडते.